जलवाहिनीचं कर्ज कुणी फेडायचं?

जमिनीखालची जलवाहिनी अनेक दशकं पाणी वाहते. मग तिचा सगळा खर्च यंदाच्याच करदात्यानं का सोसावा? पुणे महापालिकेनं जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले: मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के. मला हा मार्ग न्याय्य वाटतो. पुढच्या पिढीवर बोजा कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्या नळाचं पाणी तीही पिणारच आहे. खरा धोका दिरंगाईचा. काम रेंगाळलं तरी व्याज थांबत नाही, आणि ते शेवटी नागरिकांच्याच करांतून जातं. म्हणून मिळकतकराची वसुली ढिली असलेल्या शहरानं रोखे काढूच नयेत. आपल्या महापालिकेच्या अंदाजपत्रकातली भांडवली कामांची पानं यंदा जरूर वाचा.