गिअर बॉक्स बदलताना इंजिनाचा क्रमांक सांभाळा

वर्धा, प्रतिनिधी

वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वी येथील एखाद्या जुन्या गॅरेजसमोर उभे राहिल्यास बुलेट, येझदी, राजदूत वा आरएक्स १०० यांपैकी एखादी गाडी इंजिन उघडलेल्या अवस्थेत हमखास दिसते. गाडी वडिलांच्या काळातील असते, मालकाला ती विकायची नसते. पण चढावर गिअर निसटतो, दाते झिजलेले असतात आणि मूळ सुटे भाग मिळत नाहीत. अशा वेळी मिस्त्री सुचवतो, ‘दुसऱ्या मॉडेलचा गिअर बॉक्स बसवून टाकू.’ तो बसेल का, एवढेच मालक विचारतो. गाडीच्या कागदपत्रांवर त्याचा परिणाम काय होईल, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही.

पेटी वेगळी की एकत्र?

सर्व मोटारसायकलींची रचना सारखी नसते. जुन्या बुलेटमध्ये गिअरची पेटी स्वतंत्र असून ती इंजिनाच्या मागील बाजूस बोल्टने जोडलेली असते. इंजिनाला हात न लावता ती उतरवता येते. याउलट येझदी, आरएक्स १०० किंवा हिरो होंडा सीडी १०० या गाड्यांत इंजिन आणि गिअर एकाच धातूच्या आवरणात, म्हणजे क्रँक केसमध्ये, सामावलेले असतात. खुद्द बुलेटच्या घराण्यातही २००८-०९च्या सुमारास अशी एकत्रित रचना आली. गिअर बॉक्सची अदलाबदल सोपी की जोखमीची, हे मुख्यतः या एका फरकावर ठरते.

बुलेटमधील बदल

एन्फिल्ड इंडिया ही कंपनी १९५५मध्ये तत्कालीन मद्रासमध्ये स्थापन झाली. तिच्या बुलेटला अनेक दशके अल्बियन पद्धतीची चार गिअरची पेटी होती. गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि उरलेले तीन खाली. ब्रेक मात्र डाव्या पायाला. टाचेने दाबून थेट न्यूट्रल मिळवून देणारा छोटा दांडाही या पेटीला असे. पुढे २०००नंतरच्या दशकात पाच गिअरची, डाव्या पायाने चालणारी पेटी आली. हीच पेटी जुन्या बुलेटला बसवण्याकडे अनेकांचा कल असतो.

पाचवा गिअर मिळाला की गाडी अधिक वेगाने पळेल, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. जुन्या पेटीतील गिअरचे प्रमाण अनुक्रमे २.७८, १.८४, १.३६ आणि १ असे आहे. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये क्लचचे २.७८ फेरे झाले की पुढच्या स्प्रॉकेटचा एक फेरा होतो आणि चौथ्यात दोन्ही बरोबरीने फिरतात. पाच गिअरच्या पेटीतही शेवटचा गिअर असाच थेट असतो. त्यामुळे कमाल वेगात फरक पडत नाही. दोन गिअरमधील पायऱ्या तेवढ्या जवळ येतात. जुन्या पेटीत मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर पहिल्यातून दुसरा गिअर टाकला, तर गाडीचा वेग तोच राहून इंजिन सुमारे १,९८५ फेऱ्यांवर येते. मागे ओझे लादून पांदण रस्त्याने जाताना ही घसरण चांगलीच जाणवते. पायऱ्या जवळ आल्याने इंजिनाचा दम टिकतो, हाच या बदलाचा खरा लाभ होय.

मात्र केवळ पेटी बदलून काम संपत नाही. गिअरचा दांडा डावीकडे येतो, तेव्हा ब्रेकचा पायदांडा उजवीकडे न्यावा लागतो. मागचा ब्रेक ड्रम डावीकडेच असल्याने मधून आडवा शाफ्ट टाकावा लागतो. प्रायमरी चेनचे बाहेरील झाकण, क्लचची केबल आणि पायटे यांचाही मेळ घालावा लागतो. पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट एका रेषेत नसेल, तर चेन झिजते. जुन्या पेटीत ग्रीस भरण्याची सवय असलेल्यांनी नव्या पेटीत गिअर ऑइलच वापरावे.

सर्वांत मोठा धोका पायाच्या सवयीचा आहे. वर्षानुवर्षे डाव्या पायाने ब्रेक दाबणाऱ्यासमोर अचानक गुरे आडवी आली, तर तोच पाय आता गिअरवर पडेल. बदल केल्यानंतर काही दिवस मोकळ्या रस्त्यावर सराव करणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

एकत्रित इंजिनाची अडचण

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील उत्पादन १९९६मध्ये थांबले. येझदीत किक आणि गिअर यांचे काम एकच दांडा करतो. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा गिअर संच तेथे निरुपयोगी ठरतो. आरएक्स १०० चार गिअरची, तर आरएक्स १३५ची पाच गिअरची आवृत्तीही निघाली होती. हा संच जुन्या गाडीत घालायचा तर क्रँक केस उघडून शाफ्टची लांबी, बेअरिंगची जागा, फोर्क आणि ड्रम असे सर्व काही जुळवावे लागते. ते जमले नाही की दुसऱ्या गाडीची संपूर्ण केसच बसवण्याचा मोह होतो.

गफलत होते ती येथेच. इंजिनाचा क्रमांक क्रँक केसवर कोरलेला असतो. केस बदलली की आरसी बुकातील क्रमांक आणि गाडीवरील क्रमांक वेगळे होतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासणीला न्यावी लागते. क्रमांक जुळला नाही तर नूतनीकरण अडते, विम्याचा दावा वादात सापडतो आणि केस चोरीच्या गाडीची निघाल्यास निष्पाप मालकालाही पोलीस ठाण्याच्या फेऱ्या माराव्या लागतात.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये याच कलमाचा कठोर अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

काम सुरू करण्यापूर्वी

आरसी बुकातील इंजिन आणि चेसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः पडताळून पाहावेत. शक्य असेल तेथे केस तीच ठेवून आतील झिजलेले गिअर, बेअरिंग आणि फोर्क बदलावेत. पर्यायी भाग घेताना ‘सारखाच दिसतो’ यावर विसंबू नये. भाग क्रमांक आणि दात्यांची संख्या ताडून पाहावी. जुना भाग भंगारातून घेतला तरी विक्रेत्याकडून पावती घ्यावी. केस किंवा इंजिन बदलण्यावाचून पर्यायच नसेल, तर आधी आरटीओची मंजुरी घ्यावी आणि काम झाल्यावर आरसी बुकात नोंद करून घ्यावी. उतरवलेली मूळ पेटी भंगारात न देता घरीच जपून ठेवावी. नवा बदल मानवला नाही, तर गाडी पुन्हा पूर्ववत करण्याचा तोच एक मार्ग उरतो.