शिळें इंधन आणि रुसलेलें इंजिन

वैद्यकांत निदानास जें महत्त्व आहे, तेंच यंत्रविद्येंतही आहे. रोग न ओळखतां औषध देणारा वैद्य आणि दोष न शोधतां सुटे भाग बदलणारा कारागीर हे एकाच पंक्तीस बसण्याजोगे होत. ह्या लेखांत आम्ही ज्या यंत्राच्या दुखण्याचा विचार करणार आहों, तें महाराष्ट्रांत क्वचितच दृष्टीस पडतें. परंतु ज्या वाचकांचीं मुलें अमेरिकेंत घर करून राहिलीं आहेत, त्यांच्या कानांवर तें खचित आलें असेल. तें यंत्र म्हणजे हिरवळ कापण्याची, वर बसून चालवावयाची गाडी.

गवत कापण्याचें पहिलें यंत्र एडविन बडिंग ह्या इंग्रजानें १८३० सालीं ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड येथें तयार केलें. तें हातानें ढकलावें लागे. अमेरिकेंतील उपनगरांत, जेथें घराभोंवतीं अर्धा-एक एकर हिरवळ असते, तेथें आज पेट्रोलवर चालणारी गाडी हें काम करते. हिवाळाभर ती गॅरेजांत पडून असते. वसंतांत गवत वाढलें म्हणजे मालक किल्ली फिरवितो. पण इंजिन नुसतें घरघरतें, पेटत नाहीं. मग इंजिनच बाद झालें असें समजून शेंकडों डॉलर खर्चावयास कित्येक जण सिद्ध होतात. वस्तुतः पुष्कळदां दोष इंजिनाचा नसून टाकींत राहिलेल्या पेट्रोलाचा असतो.

पेट्रोल हें धान्यासारखें टिकाऊ नव्हे, दुधासारखें नाशिवंत आहे. त्यांतील लवकर पेटणारे हलके अंश उडून जातात, व मागें उरलेल्या द्रवाचा हवेशीं संयोग होऊन राळेसारखा चिकट थर बनतो. तीस दिवसांनंतर पेट्रोल शिळें होऊं लागतें, असें लहान इंजिनांचे कारखानदारच बजावतात. शिवाय अमेरिकेंतील बहुतेक पेट्रोलांत शेंकडा १० पर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि पाण्याचें प्रमाण मर्यादेबाहेर गेलें कीं पाण्यासह वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें. इंजिनाकडे जाणारें इंधन तर तेथूनच निघतें!

आतां निदानाचा क्रम पाहूं. प्रथम प्लग काढून पाहावा. बराच वेळ किल्ली फिरवूनही तो कोरडा राहिला, तर पेट्रोल पोंचत नाहीं. ओला असला, तर ठिणगीचा दोष तरी आहे, किंवा पेट्रोलाचा अतिरेक तरी. कोरडा आढळल्यास टाकीपासून आरंभ करावा. पेट्रोलास जुन्या वार्निशासारखा आंबूस वास येत असल्यास तें सर्व काढून ताजें भरावें. इंजिन थोडा वेळ चालून बंद पडत असेल, तर टाकीचें झाकण सैल करून पाहावें. तेवढ्यानें चालूं लागलें, तर झाकणांतील हवेचें भोंक बुजलें आहे. त्यानंतर गाळणी व रबरी नळी तपासावी. चिरलेली नळी बदलावी.

शेवटीं कार्ब्युरेटर. पुष्कळ गाड्यांत त्याच्या वाटीखालीं विजेवर चालणारी एक खुंटी असते. किल्ली फिरवितांच तिचा ‘टक्’ असा आवाज यावयास हवा. न आल्यास पेट्रोलाची वाट बंद राहते. चोक ओढला असतांच इंजिन चालतें, किंवा त्याचा वेग सारखा चढतो-उतरतो, तर वाटींतील बारीक भोंक, म्हणजे जेट, राळेनें अर्धवट बुजलें आहे असें समजावें. तें औषधी फवाऱ्यानें स्वच्छ करावें. तार घालून कोरूं नये. भोंक मोठें झालें कीं मिश्रणाचें प्रमाण कायमचें बिघडतें.

उलट धूर काळा येत असेल, किंवा ऑइलाची पातळी वाढून त्यास पेट्रोलाचा वास येत असेल, तर इंजिन मुळींच चालवूं नये. कार्ब्युरेटरांतील सुई अडकून पेट्रोल ऑइलांत उतरत असतें, व पातळ झालेलें ऑइल आंतल्या भागांचें रक्षण करूं शकत नाहीं. खरी मोठी हानि होते ती येथें.

हें सर्व काम मोकळ्या हवेंत व इंजिन थंड असतांनाच करावें. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असल्यानें ती जमिनीलगत पसरते. बंद गॅरेजांत पाणी तापविण्याच्या यंत्राची लहानशी ज्योतही अनर्थास पुरेशी होते.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. हिवाळ्यापूर्वीं ताज्या पेट्रोलांत तें टिकविणारें द्रव्य घालून इंजिन कांहीं मिनिटें चालवावें, म्हणजे तें कार्ब्युरेटरापर्यंत पोंचतें. शेंकडा १५ इथेनॉलचें पेट्रोल तेथें २००१ व त्यानंतरच्या मोटारींस संमत आहे. गवत कापण्याच्या यंत्रांस नाहीं.

हा विचार केवळ परदेशापुरता नव्हे. आपल्या देशांतही २०२५ सालीं पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत पोंचलें. वर्षांतून दोन-चार वेळां लागणारा जनरेटर, किंवा मुलगा परगांवीं गेल्यानें अंगणांत उभी राहिलेली जुनी स्कूटर, ह्यांचें दुखणें ह्याच जातीचें असतें. तेव्हां कारागिरास बोलावण्यापूर्वीं टाकीचें झाकण उघडून एकदां वास घ्यावा. त्यास खर्च कांहींच नाहीं, आणि पुष्कळदां निदान तेथेंच होतें.