लवाद काय देऊ शकतो

नाममुद्रा एकाची आणि दुकान दुसऱ्याचे, असा फ्रँचाइझीचा व्यवहार फिसकटला म्हणजे दुकानदाराची पहिली मागणी बहुधा एकच असते : करार पुन्हा चालू करून द्यावा. लवादास ती मान्य करता येते काय? भारतीय कायद्याचे उत्तर दुकानदारास रुचणारे नाही.

इंडियन ऑइल कॉर्पोरेशन आणि अमृतसर गॅस सर्व्हिस यांच्यातील वाद फ्रँचाइझीचा नव्हे, तिच्या जवळच्या वितरणहक्काचा होता. १९८३ साली कॉर्पोरेशनने करार रद्द केला. लवादाने ही कृती अवैध ठरवून वितरणहक्क परत देण्याचा निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये निवाड्याचा हा भाग टिकू दिला नाही. तीस दिवसांची सूचना देऊन करार संपविण्याची मुभा उभय पक्षांस होती; असा करार १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाप्रमाणे सक्तीने पाळावयास लावता येत नाही. कृती अवैध ठरूनही वितरकाच्या पदरी पडली ती सूचनेच्या तीस दिवसांपुरतीच भरपाई!

तरीही लवादाचे हात अगदीच बांधलेले नाहीत. नुकसानभरपाई, थकलेले शुल्क, अनामत रक्कम व व्याज यांविषयी तो निवाडा देऊ शकतो. करार संपल्यावरही पाटी न उतरविणाऱ्यास १९९६ च्या लवाद व सलोखा अधिनियमातील कलम १७ अन्वये तो निवाड्यापूर्वीच आवरू शकतो. लवाद नेमला जाण्यापूर्वी हाच आदेश कलम ९ खाली न्यायालयाकडे मागता येतो. मात्र तो मिळाल्यापासून सामान्यतः ९० दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागते.