टीव्ही भिंतीवर, वायरी कुठे? झिरी पाडण्याआधी हे वाचा

सिंदी (रेल्वे) : टीव्ही भिंतीवर लागतो आणि खाली लोंबणाऱ्या वायरी खोलीची सगळी शोभा घालवतात. मग टीव्हीची वायरच प्लास्टरमध्ये गाडून टाकायचा मोह होतो. तेवढं मात्र करू नका. टीव्हीसोबत येणारी पॉवर कॉर्ड उघड्यावर वापरण्यासाठी असते. भिंतीत तिचं इन्सुलेशन खराब झालं तरी कळत नाही, आणि आत २३० व्होल्ट असतात.

त्यापेक्षा टीव्हीच्या मागेच सॉकेट घ्या. बोर्डापासून तिथपर्यंत पीव्हीसी पाइपातून अर्थिंगसह वायरिंग ओढा. एचडीएमआय केबलसाठी पाइप वेगळा हवा, तोही जाड. या केबलचं तोंडच साधारण २० मिमी रुंद असतं. २५ मिमीच्या पाइपात ते वळणावर अडकतं. ४० मिमीचा घ्या आणि आत एक दोरी सोडून ठेवा. उद्या केबल बदलताना भिंत फोडावी लागणार नाही.

सिंदीतल्या जुन्या विटांच्या घरात मात्र जपून. छताचा भार भिंतीवरच असेल, तर भारतीय मानक आयएस १९०५ नुसार उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. नऊ इंची भिंतीत आडवी झिरी जेमतेम दीड इंच; ४० मिमीचा पाइप त्यात बसतच नाही! म्हणून झिरी उभीच पाडा. आरसीसी कॉलमला तर हातही लावू नका.

भाड्याचं घर असेल, तर भिंतीच्या रंगाची केसिंग-पट्टी चिकटवा. दिसते थोडी, पण घरमालक ओरडत नाही.