झी टीव्ही: भाड्याच्या उपग्रहापासून आपल्या रिमोटपर्यंत

 

आज आपण झी टीव्हीचा इतिहास बघणार आहोत. ओघात जुन्या मालिकांच्या आठवणी निघतील, त्याला माझी ना नाही. पण मला मुख्यतः रस्त्यांबद्दल बोलायचंय. फौजेत कुठल्याही मोहिमेचा अभ्यास करताना एक प्रश्न आधी विचारतात: रसद कुठल्या रस्त्याने येते आणि तो रस्ता कोणाच्या ताब्यात आहे? हाच प्रश्न एखाद्या टीव्ही वाहिनीला विचारून बघा. ती का वर आली, का खाली गेली, हे बरंचसं उलगडतं.

एकच रस्ता, एकच मालक

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. आमचं लखनौ केंद्र आलं नोव्हेंबर 1975 मध्ये. 1982 मध्ये रंगीत टीव्ही आणि राष्ट्रीय कार्यक्रम आले, आणि 1987 नंतर 'रामायण', 'महाभारत'ने रविवारी सकाळी रस्ते ओस पाडले. हे सगळं सरकारी मनोऱ्यावरून येत होतं. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने संदेश प्रक्षेपित करण्याचा हक्क सरकारकडे ठेवला होता. इंग्रजांनी तारायंत्रासाठी केलेला कायदा शंभर वर्षांनंतर टीव्हीलाही लागू पडत होता.

तरीही गल्लीबोळात एक दुसरा रस्ता तयार होत होता. मुंबईच्या सोसायट्यांमध्ये कोणीतरी एक व्हिडिओ प्लेअर लावायचा, वायर गच्चीवरून घरोघरी सोडायचा आणि महिन्याला पैसे घ्यायचा. 1991 च्या सुरुवातीला आखाती युद्ध झालं, ते लोकांनी परदेशी वाहिनीवर थेट पाहिलं, आणि याच मंडळींनी गच्चीवर मोठी डिश बसवली. केबलवाला जन्माला आला. त्याची तार भारतातच होती, पण चित्र येत होतं आकाशातून. कायद्याने या माणसाचा विचारच केला नव्हता.

दोनदा उडालेला उपग्रह

हे चित्र ज्या उपग्रहावरून येत होतं, त्याचं नाव एशियासॅट-1. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. 1984 मध्ये वेस्टार-6 या नावाने तो अमेरिकेच्या स्पेस शटलमधून सोडला गेला, पण भलत्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी शटलच्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला. त्याची डागडुजी झाली, आणि एप्रिल 1990 मध्ये चीनच्या रॉकेटने तो पुन्हा वर गेला.

असा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्या वेगानेच फिरतो. त्यामुळे जमिनीवरून तो एका जागी स्थिर दिसतो. त्याच्यावरच्या एकेका ट्रान्सपॉन्डरचं काम डोंगरमाथ्यावर ठेवलेल्या रिले स्टेशनसारखं: खालून आलेला संदेश घ्यायचा, त्याला जोर द्यायचा, वारंवारता बदलायची आणि परत खाली टाकायचा. एशियासॅटचा एक झोत चीनकडे होता आणि दुसरा भारतापासून पश्चिम आशियापर्यंत पडत होता. हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने 1991 मध्ये यावर आपल्या वाहिन्या सुरू केल्या. पण त्यांत हिंदी काहीच नव्हतं. भारताचं आकाश झाकलं गेलं होतं आणि भारताची भाषा त्यात नव्हती. ही मोकळी जागा एका माणसाने हेरली.

भाडेकरू

सुभाष चंद्रा मूळचे हरियाणातल्या हिसारकडचे. घराण्याचा धान्याचा धंदा. त्यांनी पॅकेजिंगचा कारखाना उभा केला आणि 1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू केलं. टीव्हीचा अनुभव नव्हता. एका ट्रान्सपॉन्डरसाठी त्यांनी वर्षाला 50 लाख डॉलर भाडं कबूल केलं. बाजारभावापेक्षा ते कितीतरी जास्त होतं. पण भाडं भरून त्यांना जे मिळालं, ते दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. 2 ऑक्टोबर 1992 ला, मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, झी टीव्ही सुरू झाला. ही भारतातली पहिली खासगी हिंदी उपग्रह वाहिनी.

आता रसदीचा मार्ग बघा. भारताच्या भूमीवरून उपग्रहाकडे संदेश पाठवायला खासगी माणसाला परवानगी नव्हती. म्हणून कार्यक्रम मुंबईत तयार व्हायचे, टेप विमानाने हाँगकाँगला जायच्या, तिथून उपग्रहावर चढायच्या, आणि उपग्रहावरून पुन्हा मुंबई-लखनौच्या गच्चीवर उतरायच्या. अंधेरीत चित्रित झालेला प्रसंग अंधेरीतल्याच घरात पोचायला आधी परदेशी जात होता. कायदा मोडला जात नव्हता, कारण कायद्याला हा रस्ता माहीतच नव्हता.

काय दाखवलं

1993 मध्ये 'तारा' आली. शहरात एकटी राहणारी, चुका करणारी आणि त्यांची माफी न मागणारी बाई दूरदर्शनवर दिसली नसती. त्याच वर्षी अन्नू कपूर यांची 'अंताक्षरी' आली आणि रजत शर्मा यांची 'आप की अदालत'. राजकारण्याला पिंजऱ्यात बसवून लोकांसमोर प्रश्न विचारायचे, हे सरकारी पडद्यावर कसं शक्य होतं? 1995 मध्ये 'सा रे ग म' सुरू झालं. सूत्रसंचालक होता सोनू निगम, त्या वेळी अगदी तरुण.

आपल्या मराठी मंडळींचा यात मोठा वाटा आहे. 'सा रे ग म'च्या विजेत्यांमध्ये संजीवनी भेलांडे आणि बेला शेंडे आहेत. 'हसरतें' ही 1996 ची गाजलेली मालिका जयवंत दळवींच्या 'अधांतरी' या कादंबरीवर आधारलेली. पुढे 2009 मध्ये 'पवित्र रिश्ता'ने चाळीतलं मराठी कुटुंब हिंदी पट्ट्यातल्या घराघरात नेलं, आणि त्याच वर्षी 'झाँसी की रानी' आली. बिठूरला पेशव्यांच्या सावलीत वाढलेली मनू ही मराठी मुलगी. तिची गोष्ट इथल्या मुलांना बुंदेलखंडाची म्हणून माहीत होती. ती मूळची तांब्यांची लेक, हे त्यांच्यापैकी अनेकांना मालिकेमुळे समजलं.

लहरी कोणाच्या?

रस्ता झाला, वाहतूक सुरू झाली, तेव्हा कायदा धावत आला. 1994 मध्ये केबलसाठी अध्यादेश निघाला आणि 1995 मध्ये त्याचा कायदा झाला. पण खरा निकाल लागला सर्वोच्च न्यायालयात, 9 फेब्रुवारी 1995 रोजी. निमित्त क्रिकेटचं होतं. 1993 च्या हीरो कपचे सामने परदेशी कंपनीने दाखवायचे की नाही, यावर बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार भांडत होते. न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि खासगी धनिकांचीही नको. तिचा वापर लोकांच्या हितासाठी व्हावा. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्राचे.

या निकालाचा अर्धा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला: सरकारची मक्तेदारी नको. दुसरा अर्धा भाग आपण विसरलो. रस्ता सरकारकडून सुटला की तो आपोआप जनतेचा होतो, असं नाही. पुढची गोष्ट नेमकं हेच दाखवते.

घरमालक समोर उभा राहतो

1993 मध्ये रुपर्ट मरडॉक यांनी सुमारे 52.5 कोटी डॉलर देऊन स्टार टीव्हीचा ताबा मिळवला. वर्षअखेर त्यांनी झीच्या प्रक्षेपण कंपनीत जवळपास निम्मा हिस्सा घेतला. म्हणजे झीचा घरमालक आता भागीदारही झाला. करारानुसार हिंदीचं मैदान झीचं होतं. स्टारने त्यात उतरायचं नव्हतं. यावरून पुढे खटके उडाले. स्टार प्लसवर हळूहळू हिंदी कार्यक्रम दिसू लागले. शेवटी 1999 मध्ये झीने सुमारे 30 कोटी डॉलर मोजून स्टारचा हिस्सा परत घेतला. झी मोकळा झाला. पण स्टारही मोकळा झाला, हे विसरू नका.

3 जुलै 2000 ला स्टार प्लसवर अमिताभ बच्चन 'कौन बनेगा करोड़पति' घेऊन आले. त्याच रात्री 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. झीने उत्तर म्हणून दहा कोटींच्या बक्षिसाचा 'सवाल दस करोड़ का' आणला. बक्षीस दहापट, परिणाम शून्य. काही महिन्यांत तो गुंडाळावा लागला. पहिला नंबर गेला आणि स्टार प्लस पुढे कित्येक वर्षं वर राहिलं.

याचं स्पष्टीकरण बहुतेक जण एका नावात देतात: बच्चन. मला ते अपुरं वाटतं. करारामुळे शांत असलेल्या सीमेवर दोन्ही बाजूंची तयारी सारखी नसते. ज्याला उद्या चाल करायची आहे तो तयारी करत राहतो. ज्याला करार पुरेसा वाटतो, त्याचे खंदक बुजत जातात. झीकडे हिंदीचं मैदान सात-आठ वर्षं होतं, त्यातला काही भाग गुणवत्तेने राखलेला आणि काही भाग कलमाने. कलम गेल्यावर उरली ती गुणवत्ताच, आणि ती परत कमवायला वेळ लागला. 2005 मध्ये 'सात फेरे'तल्या सावळ्या मुलीच्या गोष्टीने आणि नव्या रूपातल्या 'सा रे ग म प'ने झी पुन्हा उभा राहिला. कोणाचीही नक्कल न करता.

झेंड्याबाहेरची मराठी

आता जरा आपल्या घरचं. 15 ऑगस्ट 1999 ला याच समूहाने अल्फा मराठी सुरू केली. 2005 मध्ये तिची झी मराठी झाली. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना हा किती मोठा बदल होता, ते पुण्या-मुंबईच्या लोकांना समजणार नाही. जमिनीवरच्या मनोऱ्याच्या लहरी साधारण शंभर किलोमीटरवर थकतात. मुंबई केंद्राचं मराठी लखनौला येणं शक्यच नव्हतं. उपग्रहाला राज्याची हद्द कळत नाही. जानकीपुरमला तेच मराठी उतरतं जे चिपळूणला. छावणीत वाढलेल्या, हिंदी-इंग्रजी शाळेत शिकलेल्या आमच्या मुलांच्या कानावर घराबाहेरच्या माणसाचं मराठी पडलं ते बऱ्याच अंशी या वाहिन्यांमुळे. त्या मराठीच्या दर्जावर वाद घाला, जरूर घाला. पण वाद घालायला ती ऐकू आली पाहिजे.

शेवटचा मैल

उपग्रह ते गच्ची हा रस्ता सुटला तरी गच्ची ते घर हा रस्ता केबलवाल्याचा राहिला. त्याच्याकडे हजार घरं असली तरी तो वाहिनीला शंभर सांगायचा. जुन्या तारेत मोजण्याची सोयच नव्हती. वर्गणीचा पैसा वाटेत मुरला की वाहिनी जाहिरातीवर जगते, आणि जाहिरात टीआरपीवर. सासू-सुनांची भांडणं वर्षानुवर्षं का लांबतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

यावर उपाय म्हणून झीच्या समूहाने 2003 मध्ये डिश टीव्ही आणला: उपग्रहावरून थेट घरात. मग दूरदर्शनची मोफत डिश आली, आणि उत्तर प्रदेशच्या गावागावांत तीच चालते. 2013 मध्ये केबल डिजिटल झाली. लखनौ दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत होतं. 2019 पासून ट्रायच्या नियमाने प्रत्येक वाहिनीचा दर वेगळा दाखवावा लागतो. म्हणजे तुम्हाला हवी तीच वाहिनी घेता येते. किती जण तसं करतात? बहुतेक जण ऑपरेटरने बांधून दिलेलं गाठोडं घेतात.

पैशाचा रस्ता

एक रस्ता पडद्यावर कधीच दिसत नाही: पैशाचा. प्रवर्तकांनी रस्ते-वीज अशा दुसऱ्या धंद्यांसाठी कर्ज काढलं आणि त्यापोटी झीचे शेअर तारण ठेवले. जानेवारी 2019 मध्ये सुभाष चंद्रा यांना देणेकऱ्यांची जाहीर माफी मागणारं पत्र लिहावं लागलं. हिस्सा विकत विकत संस्थापक कुटुंबाकडे चार टक्क्यांच्या आसपास उरला. 2021 मध्ये सोनीशी विलीनीकरण जाहीर झालं आणि 22 जानेवारी 2024 ला सोनीने ते मोडलं. वाहिनी चांगली चालत होती, लोक बघत होते. संकट आलं ते भलत्याच दिशेने.

तेव्हा मंडळी, हिशेब असा. उपग्रहाचा रस्ता भाड्याचा होता, मैदान कराराचं होतं, शेवटचा मैल केबलवाल्याचा होता आणि शेअर देणेकऱ्यांकडे होते. इतकं सगळं दुसऱ्याच्या हातात असताना या वाहिनीने 30 वर्षांवर काळ लोकांना आपल्याकडे वळवलं, ही तिची खरी कमाई. आज मोबाइलवरचे कार्यक्रम कोणत्या रस्त्याने येतात, तो रस्ता कोणाचा आणि तुमच्या पुढ्यात आधी काय ठेवायचं हे कोण ठरवतं, हेही प्रश्न तेवढेच जुने आहेत.

एक छोटं काम देतो. या महिन्याचं केबलचं किंवा डिशचं बिल काढा. त्यातल्या वाहिन्यांची यादी वाचा आणि महिन्याभरात प्रत्यक्ष कोणत्या पाहिल्या त्यांवर खूण करा. लहरी सार्वजनिक आहेत असं न्यायालय सांगून गेलं आहे. आपल्या वाट्याचा तेवढा हक्क तरी बजावूया.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.