काचबिंदू आणि लेझरचा उपाय

सेनगावसारख्या गांवीं दृष्टि मंदावली कीं ‘मोतीबिंदू पिकूं द्या’ असा सल्ला मिळतो. विकार काचबिंदूचा असेल, तर तो सल्ला घातक होय.

डोळ्यांत एक निर्मळ द्रव सतत पाझरतो व बारीक वाटेनें निघून जातो. ती वाट तुंबली कीं डोळ्याचा दाब वाढतो आणि दृष्टीची नस सुकूं लागते. निरोगी डोळ्यांत हा दाब बहुधा पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो.

मोरी कांहीं केल्या मोकळी होत नसेल, तर नळ बारीक करावा. थेंब व शस्त्रक्रिया यांनीं दाब आवरला नाहीं, तर लेझरनें हेंच करतात. भूल देऊन बुबुळाच्या कडेबाहेर शलाका टेकवितात आणि द्रव निर्माण करणाऱ्या भागाचा कांहीं अंश किरणांनीं जाळतात. डोळा कापावा लागत नाहीं. हा प्रयोग बेकमन यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केला. मात्रा अधिक झाल्यास दाब फाजील उतरून डोळा निकामी होऊं शकतो. म्हणून ती बेतानेंच देतात, प्रसंगीं पुनः देतात.

गेलेली दृष्टि यानें परतत नाहीं. उरलेली राखतां येते. दिसणें सुधारलें नाहीं म्हणून थेंब सोडणें म्हणजे उरलेला दिवा स्वतःच मालवणें होय. घरांत कोणास हा विकार असल्यास इतरांनींहि चाळिशीनंतर डोळे नियमानें तपासून घ्यावेत.