विळ्या-भोपळ्याचे सख्य

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, गवसणीत गुंडाळलेला एखादा तंबोरा उभा आहे, असे दृश्य आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजही दिसेल. आजोबा गात असत, किंवा आत्याबाई लग्नापूर्वी गाणे शिकत होत्या, एवढीच त्याची हकीकत नव्या पिढीला ठाऊक असते. दिवाळीपूर्वीच्या झाडलोटीत तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो. मुले गवसणीवरून हात फिरवू लागली, की 'खुंटी पिळू नका, तार तुटेल' अशी ताकीद मिळते, आणि तंबोरा पुन्हा वर्षभर मौन धारण करतो.

गाण्याच्या बैठकीहून परतताना आपण गवयाच्या आलापीची चर्चा करतो, तबलजीच्या हाताची वाहवा करतो. परंतु ज्या नादाच्या आधारावाचून गवयाला पहिला षड्जदेखील लावता येत नाही, तो नाद ज्याच्या हातून घडला त्या कारागिराचे नाव आपल्याला क्वचितच माहीत असते. त्याच्या वाट्याला टाळी नाही व हारतुराही नाही. महाराष्ट्रातील अशा कारागिरांच्या एका वसाहतीचा परिचय वाचकांना करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही वसाहत म्हणजे मिरज. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे जंक्शन प्रवाशांच्या परिचयाचे आहे. परंतु स्थानकावर गाडी बदलणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक सतारमेकर गल्लीपर्यंत गेले असतील. या गल्लीत धंदा हेच आडनाव झाले आहे. ओट्यावर वाळत घातलेले अवाढव्य भोपळे, भिंतीला टेकलेल्या बिनतारांच्या दांड्या, लाखेच्या रोगणाचा वास, आणि आतून मधूनमधून येणारा एकाच तारेचा झंकार, एवढ्या खुणा पुरे आहेत. दुकानावरची पाटी वाचावी लागत नाही. तंबोरे, सतारी, वारकऱ्यांच्या गळ्यातील वीणा येथे तयार होतात, आणि येथून त्या देशभर व देशाबाहेरही जातात.

या धंद्याचा उगम मोठा विलक्षण आहे. आजच्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारी, भाले, जंबिये यांना धार देणे, पाणी चढविणे, हे त्यांचे परंपरागत काम. १८१८ साली पेशवाई संपली, लढाया थांबल्या, आणि शस्त्रांबरोबर शिकलगारांचे महत्त्वही ओसरले. मिरजेला पटवर्धनांचे संस्थान होते व गुणिजनांची तेथे ये-जा असे. एका गवयाचे वाद्य बिघडले, ते दुरुस्त कोणी करावे असा प्रश्न पडला, आणि फरीदसाहेब या कुशल शिकलगाराने ते काम अंगावर घेतले, अशी हकीकत मिरजेत सांगतात. हा काळ १८५० च्या सुमाराचा. दुरुस्ती करता करता वाद्याची रचना ध्यानी आली, आणि पुढे नवी वाद्येच तयार होऊ लागली. संस्थानिकांचा आश्रय लाभला. शस्त्राला धार लावणारा हात नादाला धार लावू लागला.

आपल्या भाषेत दोघांचे हाडवैर सांगावयाचे असेल, तर 'विळ्या-भोपळ्याचे सख्य' असे आपण उपरोधाने म्हणतो. मिरजेत मात्र पोलादाचे आणि भोपळ्याचे खरोखरीच सख्य जमले, आणि ते पावणेदोनशे वर्षे टिकून आहे!

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा, आणि खाण्याच्या दृष्टीने अगदी निरुपयोगी. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, मंगळवेढे या बाजूला, भीमेच्या आसपासच्या जमिनीत त्याची लागवड होते. वेलावर तो पूर्ण पिकू द्यावा लागतो, आणि पुढे कित्येक महिने वाळवावा लागतो. त्याचा आकार डौलदार असावा, बैठक सपाट असावी, साल सर्वत्र सारखी असावी. असे फळ शेकड्यात थोडेच मिळते. कारागीर ते पारखून घेतो, भिजवून मऊ करतो, वरचा भाग कापून आतील गर व बिया खरवडून काढतो, आणि पुन्हा वाळवितो. त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा बसवितात, गळ्याला आतून पोकळ दांडी जोडतात, आणि भोपळ्याच्या मुखावर किंचित फुगीर अशी पातळ तबली चढवितात. सांध्यांवर कोरीव पाने येतात, कडेने नक्षी येते. पूर्वी या नक्षीला हस्तिदंत व घोडीला सांबरशिंग वापरीत. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचे कायदे झाल्यावर ते साहित्य उचितच मागे पडले, आणि आता इतर हाड, कठीण लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ यांवर काम भागविले जाते.

एवढे सर्व झाले तरी तंबोरा अद्याप मुकाच असतो. त्याला वाचा फोडणारी क्रिया निराळी आहे. तिला जवारी काढणे म्हणतात.

तंबोऱ्याची तार एखाद्या सुरीच्या पात्यासारख्या कडेवर टेकलेली नसते. ती रुंद घोडीच्या पाठीवरून जाते. ही पाठ डोळ्यांना सपाट दिसते, परंतु तिला अत्यंत अल्प असा उतार दिलेला असतो. तार कंप पावू लागली म्हणजे त्या उतारावर हलकेच घासत राहते, आणि त्या स्पर्शातून एका स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर जागे होतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवितात. त्याला जीव असे अन्वर्थक नाव आहे. हा जीव केसभर मागेपुढे झाला, की झंकार फुलतो किंवा मावळतो. जवारी उत्तम असेल, तर खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येऊ लागतो. नवख्या विद्यार्थ्याला तो प्रथम ऐकू येत नाही. एकदा ऐकू आला म्हणजे मग कधी हरपत नाही.

या चमत्काराकडे एका थोर शास्त्रज्ञाचे लक्ष गेले होते. तार ज्या बिंदूपाशी छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा तारांच्या कंपनाचा सर्वमान्य नियम आहे. वीणा व तंबोरा ही वाद्ये हा नियम जुमानीत नाहीत, आणि त्याचे कारण त्यांच्या वक्र घोडीत आहे, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली लिहिलेल्या निबंधात दाखविले. पुढे १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशाविषयीच्या संशोधनाबद्दल. परंतु त्यापूर्वी आपल्या घरच्या तंबोऱ्यानेही त्यांना विचार करावयास लावले होते, ही गोष्ट मुलामुलींना आवर्जून सांगण्याजोगी आहे. रामन यांनी जे गणिताने पाहिले, ते मिरजेचा कारागीर कानशीने आणि कानाने साधीत आला आहे. घोडीवर कानस एकदा फिरवावयाची, तार छेडावयाची, डोळे मिटून ऐकावयाचे, पुन्हा कानस फिरवावयाची. एक घास जास्त लागला, तर सगळे श्रम वाया. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. बापाच्या शेजारी वर्षानुवर्षे बसून मुलाने ती कानात साठवावयाची असते.

कारागिरांच्या भाग्याने मिरजेला ऐकणारे कानही तसेच मिळाले. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे येथे वास्तव्य होते. कुरुंदवाडचा एक मुलगा दारूकामाच्या अपघाताने दृष्टी अधू झाल्यामुळे उपचारासाठी मिरजेस आला, आणि डोळ्यांवाचून करता येईल अशी विद्या म्हणून बुवांपाशी गाणे शिकू लागला. तेच पुढे १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी तर मिरज आपलीच मानली. वाद्यांच्या दुरुस्तीत ते स्वतः निष्णात होते, आणि तंबोऱ्याच्या जवारीविषयी त्यांचा कटाक्ष विख्यात आहे. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता वाटेतच त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांना चिरविश्रांती मिळाली ती मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई-वादक आजही हजेरी लावतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. हरिदासाच्या मागे कीर्तनात झंकारणारा तंबोरा, पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याच्या गळ्यात असणारी वीणा, आपल्या देवघरासमोर पहाटे लागणारा षड्ज, यांतील पुष्कळसा नाद मिरजेच्या मुसलमान कारागिरांच्या घरांतून आलेला आहे. भोपळा पंढरपुरापाशी पिकावा, त्याला मिरजेत शिकलगारांच्या वंशजांनी कंठ द्यावा, आणि तो पुन्हा पंढरपुराकडे विठ्ठलनाम घेत निघावा, यापरता एकोप्याचा दाखला व्याख्यानांतून शोधण्याचे कारण नाही.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या ठिकाणच्या मालावर आता मिरजेचे नाव घालता येणार नाही, हा लाभ लहान नव्हे. परंतु मानांकनाने नाव राखले जाते. धंदा राखावयाचा तर गिऱ्हाईक लागते. गेल्या शतकाच्या अखेरीस विजेवर चालणारे तंबोरे आले, आणि आता तर भ्रमणध्वनीवर बोट ठेवले की हव्या त्या पट्टीत झंकार सुरू होतो. या यंत्रांची निंदा करण्याचे कारण नाही. प्रवासात, भाड्याच्या दोन खोल्यांत, किंवा ज्याची ऐपत नाही अशा विद्यार्थ्याला त्यांचा मोठाच आधार आहे. पण यंत्र आपल्याला तयार स्वर देते. तंबोरा तो आपल्याकडून मिळवून घेतो. चार तारा जुळविताना शिष्य जे ऐकावयास शिकतो, तीच त्याची पहिली व अखेरची तालीम असते. ती वगळून गाणे शिकणे म्हणजे स्वयंपाक न शिकता रोज वाढलेल्या ताटावर बसणे होय.

आणि तोटा केवळ शिष्याचा नाही. मागणी मंदावली, तर कारागिराच्या मुलाने वर्षानुवर्षे कानस घेऊन का बसावे? ठरावीक पगाराची नोकरी त्याला अधिक बरी वाटली, तर त्यात त्याचा दोष कोणता? तिकडे भीमाकाठच्या शेतकऱ्यालाही तोच विचार पडतो. खाता न येणाऱ्या या फळाला वाद्यकारावाचून गिऱ्हाईक नाही. एक अवकाळी पाऊस झाला की पीक हातचे जाते. शेजारच्या रानात ऊस डोलत असतो. जवारीची विद्या कानांत आहे, आणि बियाणे शेतकऱ्याच्या घरी आहे. दोहोंपैकी एकाचाही धागा एका पिढीत तुटला, तर तो पुन्हा जोडण्यास दुसरी पिढी कोठून आणावयाची?

मग आपण काय करावे? वर्गणी, ठराव, सभा यांची आवश्यकता नाही. प्रथम कोपऱ्यातील तंबोऱ्याची गवसणी काढावी. भोपळ्याला चीर गेली आहे काय, तबली दबली आहे काय, घोडीवर तारांच्या खाचा पडल्या आहेत काय, हे पाहावे. खाचा पडल्या असतील, तर तंबोरा 'बिघडला' असे समजू नये. त्याला जवारी हवी आहे. चांगला कारागीर जुन्या वाद्याला नवा कंठ देऊ शकतो. वाद्य उन्हात, ओलीच्या भिंतीला किंवा चुलीच्या धगीजवळ ठेवू नये. फार दिवस वाजावयाचे नसेल, तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. नवा घ्यावयाचा असल्यास गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे घ्यावा. पुरुषांच्या काळी एकच्या आसपासच्या पट्टीला मोठा भोपळा लागतो. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या मुलींना लहान, सुटसुटीत तंबोरा सोयीचा. शक्य असेल, तर मुलांना बरोबर घेऊन स्वतः मिरजेस जावे, आणि जवारी निघत असता घटकाभर तेथे बसावे. आणि किंमत ऐकून घासाघीस करण्यापूर्वी एवढे ध्यानी धरावे, की लग्नातील एका दिवसाच्या रोषणाईवर आपण हसतमुखाने खर्च करतो, आणि हे वाद्य जपले तर नातवंडांपर्यंत पोहोचते. एकत्र कुटुंबात तर एका तंबोऱ्यावर तीन पिढ्यांचा हक्क असतो.

विळ्याने भोपळ्याशी सख्य केले, म्हणून हा नाद जन्मास आला. पण सख्याला तिसरा भागीदार लागतो. तो म्हणजे ऐकणारा कान. तो आपल्या घरात तयार झाला पाहिजे. या रविवारी सकाळी धुळीने माखलेली ती गवसणी उतरली, खुंट्या कुरकुरल्या, आणि एखाद्या नातीने आजीला विचारले, 'आजी, कोणी न म्हणता हा गांधार कोठून ग आला?' तर मिरजेच्या त्या गल्लीतील कारागिराला टाळी पोहोचली असे समजावे.